कापलेली अकरा मिनिटे

मित्रांनो, मी एका पडलेल्या सिनेमाची जुनी प्रिंट आहे. पत्र्याच्या सात डब्यांत माझी रिळे राहतात.

माझे दिग्दर्शक उदयसिंहराव बडोद्याचेच. म्हणून १९९३ साली माझा पहिला खेळ दांडिया बाजाराजवळच्या थिएटरात लागला. माझ्यात एक प्रसंग होता: नुकतीच विधवा झालेली बाई नवऱ्याचे कपडे धुऊन एकेक वाळत घालते. अकरा मिनिटे, एकही संवाद नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदयसिंहराव प्रोजेक्टरच्या खोलीत आले. तिथले ऑपरेटर लक्ष्मण यांना त्यांनी तो प्रसंग काढून टाकायला सांगितले.

"साहेब, खरा पिक्चर तर हाच आहे," लक्ष्मण म्हणाले.

पण साहेबांनी ऐकले नाही. कात्री चालली. तो तुकडा साहेब घेऊन गेले; त्याचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. सोमवारी तरीही मला उतरवलेच. न्यायला कुणी आले नाही. शेवटी लक्ष्मणांनी मला मांजलपूरला आपल्या घरी नेले. तेरा वर्षे दर उन्हाळ्यात ते माझी रिळे उलगडून मऊ कापडाने पुसत.

मग नीरजा नावाच्या प्राध्यापिकेला माझा पत्ता लागला. बडोद्यातल्याच सुभानपुऱ्यातल्या सभागृहात मी पुन्हा पडद्यावर गेले. लोक अगदी गुंगून बघत होते. पूर्वी ज्यांनी मला कंटाळवाणी म्हटले होते, तेच आता काळाच्या पुढची म्हणू लागले. उदयसिंहरावांना हार घातला गेला. मधेच काहीतरी तुटल्यासारखे का वाटते, असे कुणीतरी विचारले.

"थिएटरच्या ऑपरेटरने मला न विचारता अकरा मिनिटे कापली," ते म्हणाले. "त्यानेच माझा सिनेमा पाडला."

लक्ष्मण शेवटच्या रांगेत होते. ते सावकाश उठले.

"साहेब, तुम्ही माझ्या शेजारी उभे होता."

उदयसिंहराव नुसते हसले. नीरजाबाईंनी खाली मान घालून पुढचा प्रश्न मागवला. माझ्यात इतक्या माणसांचे आवाज साठवलेले, पण साक्ष द्यायला माझा स्वतःचा आवाज नव्हता. लक्ष्मण निघून गेले, ते मला भेटायला पुन्हा कधी आले नाहीत.

आता मी चित्रपट संग्रहालयाच्या एका थंड कपाटात सुखरूप आहे. मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. एखाद्या पडलेल्या सिनेमाचे पुन्हा कौतुक होऊ लागले, की तो पडलेला असताना घरी कुणी नेला होता, एवढे मात्र विचारा. माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठीत ते नाव नाही.