थांबणाऱ्यांचा गट

घरी तिला सगळे फूटपट्टी म्हणत. लहानपणी खाऊची वाटणी तिच्याच हाती देत, कारण ती स्वतःलाही कणभर जास्त घेत नसे. मोठेपणी ती नशेत अडकलेल्या मुलामुलींच्या उपचारांवर संशोधन करू लागली, तेव्हा घरच्यांना वाटलं, बरं झालं, फूटपट्टीला जन्मभर पुरेल एवढं मोजायला मिळालं.

तिचा अभ्यास सरळ होता. अर्ध्या मुलांना लगेच उपचार: ठरल्या दिवशी एकत्र बसायचं आणि मनात साचलेलं बोलून मोकळं व्हायचं. उरलेल्या अर्ध्यांनी वर्षभर नुसतं थांबायचं, त्यांची पाळी नंतर. दोन्ही गट शेजारी ठेवले की उपचाराचा गुण कळतो. कोण कुठल्या गटात, हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवी. यात लबाडी कुठेच नव्हती, आणि दुखणं नेमकं तेच होतं.

कारण शाळेच्या समुपदेशक बाईंनी पाठवलेल्या मुलांत तिची सख्खी भाची निघाली. पंधरा वर्षांची, नकला करण्यात पटाईत, आणि झोपेच्या गोळ्यांच्या पार आहारी गेलेली. संगणकाने तिला थांबणाऱ्यांत टाकलं.

ताई त्याच संध्याकाळी दारात उभी. "अगं, सगळं तुझ्याच हातात आहे ना? सरकव की तिला इकडून तिकडे."

"तसं केलं तर अभ्यासाला अर्थच उरत नाही, ताई."

"बरं, मग मी तिला दुसरीकडे नेते."

खुशाल ने, एवढंच म्हणायचं होतं. नियमाची आडकाठी नव्हती. पण फूटपट्टीच्या डोळ्यांपुढे गटातलं एक मूल कमी झालं. "आधीच मुलं थोडी आहेत गं," ती म्हणाली. "आणि दुसरीकडे काय मिळणार? उपदेशाचे डोस. थोडी कळ काढ." ताईने कळ काढली. एवढ्या शिकलेल्या बहिणीच्या शब्दाबाहेर ती कशी जाणार?

दर महिन्याला भाची येई. मावशी ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारी. गोळ्या किती, झोप कशी, घरी कोणाशी बोलतेस. सुरुवातीला भाची मावशीच्याच आवाजात उत्तरं देऊन तिला हसवी. पुढे नकला थांबल्या आणि ती खरंच बोलू लागली. बाबा निघून गेल्यापासून आई जेवताना एक शब्द बोलत नाही. अंधार पडला की छातीत धडधडतं. मावशीचा जीव तुटे. पेन ठेवून पोरीला जवळ घ्यावंसं वाटे. पण थांबणाऱ्यांना धीर दिला तर तोही उपचारच झाला, म्हणून ती मान डोलावी आणि लिहून घेई.

"एवढं सांगितल्यावर काय होतं, मावशी?" भाचीने एकदा विचारलं.

"पुढच्या महिन्यात आम्ही परत विचारतो."

भाची खूप हसली. मावशीने विनोद केला नव्हता.

वर्ष संपत आलं होतं, तेव्हा भाचीने एका दुपारी डबीतल्या सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या. जीव वाचला. पण मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नव्हता. आता ती माणसं ओळखते, भरवलं तर जेवते. बोलत नाही.

अभ्यासाचा निकाल लागला आणि उपचार गुणकारी ठरला. आकडेमोड सांभाळणारे सहकारी खुशीत होते. "थोडक्यात निभावलं, मॅडम. थांबणाऱ्यांतलं आणखी एक जरी मूल सुधारलं असतं ना, तरी फरक सिद्ध झाला नसता." ते एक मूल कोण, हे तिला विचारावं लागलं नाही. तिने त्यांचे आभार मानले. आभार मानायची पद्धत असते.

बातमी वाचून ताईचा फोन आला. "लागू पडतो म्हणे तुझा उपचार."

"हो."

"मग थांबलेल्यांना आता मिळेल ना? कधी आणू तिला?"

फूटपट्टीने मनातल्या मनात बरीच वाक्यं जुळवून पाहिली. "ताई, त्या उपचारात बोलावं लागतं गं."

ताई रडली नाही, चिडलीही नाही.

"बोलत होती तेव्हा तू लिहून घेत होतीस," ती म्हणाली.