वेड्याची भिंत

चिमीने साठी ओलांडली होती, दोन नातवंडांची आजी झाली होती, तरी थोरल्या भावाच्या तोंडी ती अजून चिमीच होती.

"चिमे, तुझ्या हट्टापायी आलोय. गाव बघायचं आणि परतायचं. जुनी मढी उकरायची नाहीत," नावेत पाय ठेवतानाच दादाने तंबी दिली. तिने मुकाट्याने मान डोलावली. त्याला इथवर आणतानाच तिच्या नाकी नऊ आले होते.

गाव समुद्राकाठचं, जस्ताच्या खाणीवर जगणारं. खाण आटली तशी कंपनीने गाशा गुंडाळला आणि तिच्यामागोमाग माणसंही पांगली. पुढे एका वादळात किनाऱ्यावरच्या बाकी वस्त्या वाहून गेल्या. हे ओस पडलेलं गाव मात्र जागच्या जागी उभं राहिलं. तेव्हा कुठे ते जसंच्या तसं जपायचं सरकारने ठरवलं. रस्ता नव्हताच. आता अधूनमधून बघ्यांना घेऊन नाव यायची.

दोघांचा बाप इथला गवंडी. कंपनीने त्याला समुद्राच्या अंगाला कमरेएवढी भिंत घालायला सांगितली होती. "समुद्र काय कमरेपाशी थांबतो होय, साहेब?" त्याने तोंडावर विचारलं. साहेब ऐकेना, तेव्हा हा सुट्टीच्या दिवशी एकटाच दगड घडवून भिंत चढवत राहिला. घराचं छप्पर गळत होतं, त्याकडे बघायला सवड नव्हती. लोक त्याला वेडा म्हणायला लागले. शाळेत पोरं दादाच्या मागे "वेड्याचा पोरगा" म्हणत धावायची. मिसरूड फुटायच्या आत दादा घर सोडून गेला. पुढे तोही गवंडीच झाला, पण बापाचा विषय निघाला की उठून जायचा.

नाव लागली. माहिती सांगायला एक तरतरीत बाई उभी होती. तिच्यामागून पंधरा-वीस माणसं निघाली. न्हाव्याच्या दुकानात खुर्ची तशीच होती, आरसा तेवढा आंधळा झाला होता. पावाच्या भट्टीवर लाकडी फावडं टेकून ठेवलेलं. मग कामगारांची चाळ आली. शेवटून दुसरं दार त्यांचं. आडवी दोरी बांधली होती म्हणून चिमीने उंबऱ्यातूनच डोकावलं. आईची मांडणी, काजळी धरलेला कोनाडा, भिंतीलगतची, ठोकळ्यावर टेकवलेली खाट. एवढ्याशा खोलीत चार माणसं कशी मावत होती, देव जाणे.

दादाने वर बघितलं. "आता गळत नाही वाटतं."

"सरकारने पत्रे घातलेत," चिमी म्हणाली.

"बरं झालं. बापाला जमलं नसतं." तो कडूपणाने हसला. चिमीला ते लागलं.

गल्ली संपली आणि समोर भिंत आली. काळ्या घडीव दगडांची, उंच माणसाच्याही डोक्यावरून जाणारी, गावाला कवेत घेऊन वळलेली. पलीकडे समुद्र आदळत होता आणि अलीकडे गल्लीतली धूळसुद्धा हलत नव्हती. लहानपणी चिमीला ही भिंत रोजची होती. आज मात्र ती मान वर करून बघत राहिली.

"हिला वेड्याची भिंत म्हणतात," बाई म्हणाली. दोघे-तिघे हसले. दादाचा राग चिमीला ठाऊक होता. तिने हळूच त्याची बाही धरली.

बाई पुढे सांगत होती, "नाव गावानेच ठेवलेलं. पण वादळात लाटा इथवर आल्या आणि इथूनच परतल्या. ही नसती तर तुम्हाला दाखवायला माझ्याकडे नुसती वाळू असती. बांधणाऱ्याचं नाव मात्र कुणाला सांगता येत नाही. कंपनीने ते कुठेच ठेवलं नाही."

दादाने बाही सोडवून घेतली आणि पुढे झाला. घसा खाकरला.

"तो वेडा आमचा बाप," तो म्हणाला. "माझा आणि हिचा."

सगळे वळले. कुणी हसलं नाही. बाईने ओढणी सावरली आणि हात जोडले. "या, काका. इकडे पुढे या. कसे होते ते?"

"हेकट," दादा म्हणाला. "एक दगड मनासारखा बसेना तर जेवण तसंच राहायचं. आम्ही डबा घेऊन ताटकळत उभे." त्याने दोन दगडांच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. "चाळीस वर्षं मीही हेच केलंय. असा सांधा मला एकदाही साधला नाही. बघा, नखसुद्धा शिरत नाही."

माणसं भोवती गोळा झाली. एका म्हातारीने भिंतीला हात लावला, कुणी प्रश्न विचारले. दादा उत्तरं देत होता आणि प्रत्येक उत्तरात "आमचे बाबा" म्हणत होता. चिमीने हा शब्द त्याच्या तोंडून कधी ऐकला होता, ते तिला आठवेना.

बाईने बापाचं नाव विचारलं. दादाने ते सावकाश, पूर्ण सांगितलं, आजोबांच्या नावासकट. मग म्हणाला, "पाटीवर लिहिणार असाल तर खाली 'गवंडी' लिहा. दुसरं काही नको."

"आणि भिंतीच्या नावातला 'वेडा'?" बाईने चाचरत विचारलं.

दादाने बहिणीकडे बघितलं. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नव्हतं.

"राहू द्या," चिमीच बोलली. "खुशाल राहू द्या."

नावाड्याने हाक मारली तेव्हा दादा भिंतीच्या पार टोकाला पोचला होता आणि लोकांना पायाचे दगड दाखवत होता. चिमी नावाड्याला म्हणाली, "थांबा जरा. आमचा दादा बाबांची भिंत दाखवतोय."