जानीची वाट

शेवंतानं टेम्पोच्या पुढ्यात मेथीची पाटी आपटली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"घाल माझ्या अंगावरनं. घाल की! मेलेलं कोंबडं आगीला भीत न्हाई."

टेम्पोत मांडवाचे बांबू होते, लाल खुर्च्यांची चळत होती, गुंडाळलेल्या ताडपत्र्या होत्या. विद्याधर डेकोरेटर घाम पुसत खाली उतरला. आमच्या वस्तीतली बंद शाळा त्याला गोदामाला हवी होती.

"ओ वहिनी, कशाला डोकं फिरवताय? खोली रिकामी पडलीय. दादूभाऊंनी स्वतः हो म्हटलंय. विचारा ना त्यांना!"

"माज्या नवऱ्यानं म्हणलं आसंल. म्या न्हाई म्हणलं."

"अहो, पण शाळा बंद झाली ना! झाली की नाही?"

"बंद न्हाई ती," शेवंता म्हणाली. "दुपारची भरतीया ती."

नाल्याकडंला आम्ही बायका मेथी उपटत होतो. आमचे हात जागच्या जागी थांबले. विद्याधरनं आमच्याकडं बघितलं, आम्ही माना खाली घातल्या. शेवंता काय म्हणत होती ते वस्तीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी तोंडानं बोलत नव्हतं.

"दुपारी येतो. दादूभाऊंनाच घेऊन येतो," असं पुटपुटत तो टेम्पोत चढला.

मुलुंडच्या पाठीमागं, टॉवर संपतात आणि डोंगर सुरू होतो, तिथं आमची वस्ती. आमची माणसं घाटावरनं आली ती दगड फोडायला. बाप्यांनी पहारी मारल्या, बायांनी पाट्या वाहिल्या आणि डोंगराच्या कुशीत हा एवढा खड्डा पाडला. मग खाण बंद झाली. मुकादम गेला, मशिनं गेली. खड्डा राहिला, आणि त्यात पाणी साठलं. हिरवंकाळं, उन्हाळ्यातसुद्धा गारढोण. आम्ही नाल्याकडच्या मातीत मेथी, लालमाठ, मुळा लावायला लागलो आणि स्टेशनाबाहेर बसून विकायला लागलो.

शाळा म्हणजे एकच खोली. रत्नप्रभाबाई शिकवायच्या. शेवंताचा नवरा दादू झाडलोट करायचा, घंटा द्यायचा. किल्ली त्याच्या करदोड्याला बांधलेली असायची. काही म्हणा, त्या खोलीनं वस्तीला वळण लावलं होतं. बाई आहेत म्हणून बाप्ये त्या अंगाला पिऊन फिरकत नव्हते. पोरी न्हाऊन, वेणी घालून बाहेर पडायच्या. पोरगं आईला स्टेशनावरची पाटी वाचून दाखवायचं, तेव्हा आईची मान ताठ व्हायची.

मग वरनं हुकूम आला. पट कमी, शाळा बंद. पोरांची नावं खालच्या मोठ्या शाळेत घातली, बाईंची बदलीही तिकडंच झाली. पण खाली जायची वाट खाणीच्या काठाकाठानं. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरतं.

गेल्या श्रावणात शेवंताची जान्हवी, आमची जानी, त्या वाटेवर घसरली. तिची मैत्रीण मीरा तिच्याबरोबर होती. मीराच्या हातात तिचा हात होता, आणि मग नव्हता. अग्निशमनवाल्यांनी दोर सोडले, गळ टाकले. दुसऱ्या दिवशी ती वर आली. आमच्याच हातांनी खणलेल्या खड्ड्यातनं आमची पोर बाहेर काढली.

त्यानंतर एकही पोर खाली गेलं नाही. जाऊ नका असं कुणी सांगितलं नव्हतं. नुसतीच गेली नाहीत. मोठी शाळा दोनदा शिपाई पाठवून गप्प बसली. हुशार म्हणून जिचं नाव व्हायचं ती मीरा धाकट्या भावाला कडेवर घेऊन हॉटेलवाल्याचा लसूण सोलायला लागली. तिचा बाप तिला टॉवरमधल्या घरात भांड्यांना लावायचं बोलू लागला. पोरं दिवसभर भटकायची, एकमेकांना शिव्या द्यायची. पाणी हाक मारतं असंही कुणीतरी उठवलं, आणि दुपार झाली की खाणीच्या बाजूला, शाळेकडंसुद्धा, चिटपाखरू फिरकेना.

अशातच शेवंताला ऐकू यायला लागलं. ऊन डोक्यावर आलं की बंद शाळेतनं पाढे म्हटल्याचा आवाज. त्यात तिला जानीचा आवाज ओळखू यायचा. ती भाकरी घेऊन शाळेच्या पायरीपासून लांब, करंजाखाली बसायची आणि ऐकत राहायची. जवळ जायची नाही. जवळ गेलं की थांबेल, म्हणायची.

दादूला हे सोसेना. "शाळंनं माजी पोर खाल्ली," तो म्हणायचा. "शाळा नसती तर ती त्या वाटंला लागली आसती का? भरू दे त्यात बांबू. पार छतापातूर भरू दे. मग बगतो कोण पाढं म्हणतंय."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आम्ही कुणाची बाजू घेणार!

त्या दिवशी टेम्पो गेल्यावर शेवंतानं माझं मनगट धरलं. "तू चल माज्यासंगं. तुला ऐकू न्हाई आलं तर म्या खुळी झाले आसं समज."

फाल्गुनातलं ऊन. वाळलेल्या गवताचा वास, आणि सगळीकडं सामसूम. करंजाखाली आम्ही उभ्या राहिलो. आणि मला ऐकू आलं. अगदी बारीक, एका सुरात. "बे एके बे, बे दुणे चार..."

"शेवंते, मागं फिर," मी म्हटलं. पण आता तिला बळ आलं होतं. माझं मनगट न सोडता ती शाळेला वळसा घालून मागं गेली. मागच्या खिडकीचा एक गज वाकवलेला होता. आम्ही आत डोकावलो.

फळ्यापुढं मीरा उभी होती. धाकटा भाऊ कोपऱ्यात फडक्यावर झोपलेला. खाली धुळीत वस्तीतली पोरं रांगेनं बसली होती. दिवसभर शिव्या देत भटकणारी पोरं हात बांधून बसली होती. पाढा संपला आणि मीरानं तोंडपाठ हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"सर्वेश पवार."

"हजर, बाई."

"श्वेता कांबळे."

"हजर, बाई."

"जान्हवी जगदाळे."

सगळी पोरं वळून दाराकडं बघायला लागली. बाहेरून कुलूप असलेल्या दाराकडं.

"आली न्हाई," श्वेता हळूच म्हणाली.

"वाट बगू," मीरा म्हणाली.

आणि ती सगळी वाट बघत बसली. शपथेवर सांगते, मीपण त्या दाराकडं बघितलं.

शेवंता रडली नाही. तरातरा घरी गेली. दादू खाटेवर पडला होता.

"किल्ली द्या."

"कशाला? आता टेंपो येईल..."

"यिऊ द्या. किल्ली द्या आदी."

तिचं तोंड बघून त्यानं करदोडा सोडला आणि मुकाट मागनं आला. शेवंतानं कुलूप काढलं, दार ढकललं. उजेड आत पडला आणि पोरांनी एकच किंकाळी फोडली. एकमेकांना घट्ट धरून ती भिंतीला चिकटली. मीरा मात्र पुढं आली. डोळ्यांवर हात धरून दारातल्या सावलीकडं बघत म्हणाली, "जानी?"

"म्या हाय गं. तिची आई."

मीराचा चेहरा वेडावाकडा झाला. "काकू, म्या धरला व्हता तिचा हात. लई घट धरला व्हता. त्यो सुटला."

शेवंतानं तिला पोटाशी ओढलं. दादू उंबऱ्याच्या बाहेरच थिजला होता.

"ठावं हाय मला. तुजी काय चूक न्हाई." बराच वेळ ती पोरीच्या केसांवरनं हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "ती यायची न्हाई, बाळा. तू फुडलं नाव घे."

इतक्या महिन्यांत हे शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाले होते.

बाहेर हॉर्न वाजला. विद्याधर हाका मारायला लागला, "दादूभाऊ! चला, दार उघडंच आहे ना? झकास! उतरवू माल?"

दादू वळला. दोन्ही हात चौकटीला लावून दारात आडवा उभा राहिला.

"शाळा भरलीया."

"काय मस्करी करता राव! कोण आहे आत? बाई नाही, मास्तर नाही..."

"पोरं हायेत न्हवं? मग भरलीया."

"मग थांबतो. सुटते कधी?"

"यंदा सुटत न्हाई," दादू म्हणाला.

आम्ही बायका एकेक करून त्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिलो. विद्याधर थोडा वेळ बडबडला, ऑफिसात ओळख आहे म्हणाला आणि टेम्पो फिरवून गेला.

रविवारी रत्नप्रभाबाई आल्या. मीराची शाळा बघून त्यांचे डोळे भरले, पण बाई पहिल्यापासून सडेतोड. "मीरा शिकवील तेवढं शिकवील. पण मीराला कोण शिकवणार? शाळा परत उघडा म्हणून मी ऑफिसात भांडते. भांडून काय होईल सांगता येत नाही. तोवर पोरांना खाली यावंच लागेल."

प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं तीच वाट.

"वाट बांदून काडू," दादू म्हणाला. "काठानं कठडा घालू. दगडाला काय तोटा हाय व्हय आपल्याला?"

गंजलेल्या पहारी बाहेर निघाल्या. सुतक्या, घण निघाले. ज्यांनी हा डोंगर दुसऱ्यांच्या इमारतींसाठी फोडला त्या म्हाताऱ्यांनी आता आपल्या पोरांसाठी छिन्नी धरली. बाया सिमेंट कालवायच्या, पोरं पाणी आणायची. कठडा दोन्ही टोकांकडनं बांधत आणला. पण मध्ये, जानी घसरली तिथं, एका माणसाएवढी जागा उघडी राहिली. कुणी ती बुजवेना. जो तो दुसऱ्याकडं बघायचा. दादूनं दोनदा दगड उचलला आणि दोनदा खाली ठेवला.

"बंद केलं तर जानी..." एवढंच बोलला.

शेवंता पुढं झाली. त्या फटीतनं तिनं खाली पाण्याकडं बघितलं. वारा नव्हता, पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता. मग वाकून तिनं दादूच्या पायाजवळचा दगड उचलला. तो जड होता, तिच्या मानेच्या शिरा ताणल्या. कुणीतरी हात लावायला गेलं, तर दादूनं त्याला अडवलं. तिनं दगड जागेवर बसवला, डावीउजवीकडं हलवून बघितला आणि नवऱ्याला म्हणाली, "द्या सिमीट. पोरांना उद्या लवकर निगायचंय."