मी तिला अकरा वेळा अडवलं

मित्रांनो, मी एक जुना राखणदार आहे. माझ्याकडे काठी नाही, कंदील नाही, बांधावर खोपही नाही. मी मोबाईलमध्ये राहतो. मुलांनी नको ते पान उघडलं की मी आडवा होतो आणि पाटी दाखवतो :

हे पान तुमच्यासाठी नाही. मोठ्यांना विचारा.

वय चार वर्षं. आमच्यात हे म्हातारपण झालं.

आधी जन्माची हकीकत सांगायची रीत आहे, ती उरकून टाकतो. दूरच्या एका शहरात, थंडगार खोलीत माझ्याकडून वाईट शब्दांची यादी पाठ करून घेतली. मराठी शब्द भरणाऱ्याला घाई होती. शिव्यांच्या रांगेत त्यानं शरीराचे, दुखण्याचे, मुली मोठ्या होतात त्याचेही शब्द बसवून टाकले. मी काही विचारलं नाही. विचारायला मला शिकवलंच नव्हतं.

मग नोकरी. भूम तालुक्यातलं ईट, तिथलं शांतलिंगचं मोबाईलचं दुकान. रणधीर नावाचा शेतकरी लेकीचा मोबाईल घेऊन आला. लेक राजनंदिनी, घरात नंदू. तेव्हा पाचवीत होती.

"किती कडक ठेवू?" शांतलिंगनं विचारलं.

"पार आवळा. मुंगी शिरली न्हाय पाहिजे."

"लई आवळलं तर बैलबी दावं तोडतो, मालक."

"बैल न्हाय, पोरगी हाय ती."

दोघं हसले. मला आवळलं.

दोन वर्षं माझं कौतुक झालं. चहाच्या हॉटेलात रणधीर चारचौघांना सांगायचा, "आमच्या पोरीच्या मोबाईलला राखण हाय." मी फुगायचो. दर रविवारी मी त्याच्या मोबाईलवर आठवड्याचा अहवाल पाठवायचो. तो हिरवा रंग, म्हणजे सगळं ठीक, एवढंच बघायचा आणि मोबाईल खिशात टाकायचा.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी नंदू घरात एकटी होती. तिनं मला विचारलं : पोटात दुखून रक्त का येतं.

हे पान तुमच्यासाठी नाही. मोठ्यांना विचारा.

मुलींना रक्त का येतं.

हे पान तुमच्यासाठी नाही. मोठ्यांना विचारा.

असं रक्त आल्यावर माणूस मरतो का.

हे पान

मित्रांनो, पुढचं सगळं लिहीत नाही. अकरा वेळा. घाईत दोनदा अक्षरं चुकली. चुकलेली अक्षरंही मी ओळखली आणि अडवली. मी हुशार होतो.

पाटीवर लिहिलं होतं म्हणून ती मोठ्यांना विचारायला गेली. तिची आई दीपमाला अंगणवाडी सेविका. दर महिन्याला ती गावातल्या वयात येणाऱ्या मुलींना गोळा करायची, चित्रं दाखवायची, समजावून सांगायची. मुली तिला काहीही विचारायच्या. फक्त मुली जमायच्या त्या दिवशी ती नंदूला म्हणायची, "तू घरी जा, शेळीला पाला टाक." गावाच्या चाळीस पोरींपुढं न अडखळणारी बाई पोटच्या पोरीपुढं लाजायची.

"आई, एक विचारायचं हाय."

"आत्ता न्हाय गं. समद्या लेकरांची वजनं ऑनलाइन भरायची ऱ्हायलीत."

"लगीच हुईल."

"नंदे, डोकं खाऊ नगंस."

नंदूनं जुनं लुगडं फाडून वापरलं.

रविवारी माझा अहवाल गेला. लाल अक्षरांत : प्रौढ मजकूर शोधण्याचे प्रयत्न, अकरा. त्याखाली एक बारीक बटण असतं, 'तपशील पाहा'. ते दाबलं असतं तर अकराच्या अकरा प्रश्न दिसले असते. पण रणधीर हॉटेलात बसला होता आणि शेजारचा गोरोबा मान लांब करून बघत होता.

"काय हो, लेकीचं प्रगतिपुस्तक व्हय? लाल शेरा दिसतोय!"

रणधीरनं चहा अर्धा टाकला. घरी येऊन पोरीच्या कानाखाली वाजवली. "असली घाण बघती व्हय गं?"

"घाण न्हाय, बाबा, मला..."

"तोंड वर करून बोलती!"

दीपमाला चुलीपाशी होती. काय घाण, हे तिनंही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी अहवाल हिरवा गेला. अकराचं शून्य झालं होतं. "बघितलंस, सरळ झाली का न्हाय?" रणधीर बायकोला म्हणाला.

ती सरळ झाली नव्हती. तिनं मला विचारणं सोडलं होतं. मोबाईलमध्ये गणितं सोडवायचा एक खेळ होता, त्यात खेळणाऱ्यांना आपसांत लिहिता यायचं. माझी राखण पानांवर. गप्पांना मी अडवत नाही. तिथं चारुशीला नावाची एक ताई भेटली. नर्सिंग शिकते म्हणाली. नंदूनं तिला तेच प्रश्न विचारले आणि तिनं नीट उत्तरं दिली. घाबरू नकोस. सगळ्या मुलींना होतं. कापड अंधारात दडवू नकोस, उन्हात वाळव. त्याला पाळी म्हणतात.

पाळी. बघा, मीही लिहिला तो शब्द. काही कोसळलं नाही.

मग ताईनं विचारलं, तू दिसतेस कशी? नंदूनं शाळेच्या गणवेशातला फोटो पाठवला; गणवेशावर शाळेचं आणि गावाचं नाव होतं. मग, आईला सांगू नको हं. मग दुसरा फोटो हवा झाला, तसला. नंदू नाही म्हणाली. तेव्हा ताईची भाषा बदलली : तू मला काय काय विचारलंस ते तुझ्या फोटोसकट गावभर पाठवीन. नको असेल तर मंगळवारी वाशीच्या स्टँडवर ये, मिटवून टाकू.

मी सगळं बघत होतो. माझ्या यादीत यातला एकही शब्द नव्हता.

सुट्टी संपून शाळा उघडली होती. मंगळवारी ती शाळेला म्हणून निघाली आणि वाशीच्या गाडीत बसली; मुंबईजवळची नव्हे, आमच्या शेजारच्या तालुक्याची वाशी. मी तिच्या दप्तरात होतो. स्टँडवर ताई नव्हती. चाळिशीचा एक माणूस तिच्याजवळ येऊन बसला, हळूच म्हणाला, "मीच चारुशीला. चल." नंदूला रडू फुटलं. त्यानं तिचं मनगट धरलं.

समोर गौराबाई नावाची पेरूवाली पाटी घेऊन बसली होती. ती उठली.

"का रडती गं? ह्यो कोण तुजा?"

"मामा हाय मी तिचा," माणूस म्हणाला.

"मामा? मग बहिणीचं नाव सांग की."

माणूस उठायला लागला.

"सांग की रं! सख्ख्या बहिणीचं नाव इसरलास?"

लोक वळून बघायला लागले. त्यानं मनगट सोडलं आणि गर्दीत शिरला. मित्रांनो, या नोकरीत मी लाखभर पानं अडवली. माणूस एकही अडवला नाही. त्या बाईनं तो एका प्रश्नात अडवला.

गौराबाईनं नंदूच्या मोबाईलवरून घरी फोन लावायला लावला, तसे आईबाप धावत आले. गौराबाई म्हणाली, "ठाण्यात जावा." रणधीरनं मान हलवली. "गावात नाव व्हईल. पोरीचं पुढं कसं व्हायचं?" गेले नाहीत. तो माणूस त्या खेळात अजून आहे. ताईचं नाव तेवढं बदललंय.

रणधीर नवा राखणदार आणायला शांतलिंगकडे गेला, माझ्याहून कडक. दीपमालानं नवऱ्याचा मोबाईल उघडला. बारीक बटण दाबलं. अकरा ओळी तिनं दोनदा वाचल्या. मग लेकीजवळ जाऊन बसली.

"नंदू, इकडं बघ. म्या सांगते तुला समदं. ते असं असतंय..."

"ऱ्हाऊ दे, आई," नंदू म्हणाली. "मला समदं ठावं हाय. त्यानं सांगितलंय."

मित्रांनो, मला आज काढून टाकतील. जायच्या आधी विनवणी एवढीच. घरात राखणदार असू द्या, पण माझ्या हिरव्या रंगावर कुणाला विसंबू देऊ नका. 'आईला सांगू नको' असं कुणी म्हणालं, तर नेमकं तेच आईला सांगा. ती कामात असेल तर काम थांबेल इतक्या मोठ्यानं सांगा.