पंधरावी चिठ्ठी

सोमवारी नाट्यगृह बंद, म्हणून शेजारचा पबही बंद, आणि पब बंद म्हणून त्या दुपारी गिऱ्हाइकांच्या मतांचं वाचन. ही दादाची जुनी पद्धत. दारामागे खिळ्याला टांगलेली पत्र्याची पेटी तो काउंटरवर उलटी करायचा आणि त्याची धाकटी बहीण त्यातली एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायची. लोक फोनवर जे लिहितात तेही ती कागदावर उतरवून आणायची.

धाकटी म्हणजे साठीची बाई. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची तीस वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर ती दादाच्या मदतीला येऊ लागली, आणि पहिल्याच आठवड्यात तिने चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावायला एक फाइल केली. दादा हसला होता. "छोटे, लोकांची मतं आहेत ती. गाळाचे नमुने नव्हेत."

त्या सोमवारी काउंटरभोवती चौघं होती. दादा, स्वयंपाकघर सांभाळणारी वहिनी, धाकटी आणि बिअरच्या नळांवर काम करणारा प्रॉम्प्टर. तो पंचवीस वर्षं शेजारच्या रंगमंचावर विंगेत उभा राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवत असे. ते काम संपलं, सवय गेली नाही. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"'जागा छोटी, मन मोठं,'" धाकटीने वाचलं, "'आणि संडासाची कडी—'"

"'—देवाच्या भरवशावर,'" प्रॉम्प्टर म्हणाला.

"'—मोडलेली.' तुमचं जास्त चांगलं आहे. पुढची. 'मध्यंतरात आलो. दुसरा अंक इथेच बसून काढला. नाटकापेक्षा मालक बरे.'"

दादाने कॉलर ताठ केली. वहिनी म्हणाली, "नाटक कसलं होतं तेही विचारा."

"'काळी बिअर आंबलेली.'" धाकटीचा आवाज जरा खाली आला. "ही आणखी एक. 'काळी बिअर की शिरका?' आणि फोनवरच्या तीन."

दादाचा चेहरा लाल झाला. "आंबलेली? माझ्या नळाची? नाकाने कांदे सोलतात लेकाचे!"

राग यावा असंच ते होतं, कारण या पबात दादाच्या नाकावर सगळा कारभार चाले. रोज अकराला, दार उघडण्याआधी, तो प्रत्येक नळातून अर्धा ग्लास काढायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि म्हणायचा, "झकास." मग दारावरची पाटी उलटायची. हुंगून त्याने कपाळाला आठी घातली, तर भरलेलं पिंपसुद्धा परत जायचं. नाट्यगृहाच्या भिंतीत मेलेला उंदीर त्याने एकदा इथून, काउंटरवर बसून ओळखला होता. त्या गोष्टीवर गल्ली अजून जेवत होती. दादाने हुंगलेला ग्लास दुसऱ्या कुणी हुंगणं म्हणजे त्याचा अपमानच. तसं कुणी करतही नसे.

पण या खेपेला नुसतं रागावून भागणार नव्हतं. नाट्यगृह आणि पब यांच्यामध्ये एक दार होतं. मध्यंतरात पंधरा मिनिटांत साठेक माणसं त्या दारातून यायची, आणि त्या पंधरा मिनिटांवर पब जगायचा. शनिवारी नाट्यगृहाचे व्यवस्थापक येऊन स्पष्ट बोलून गेले होते. "शुक्रवारी नवं नाटक लागतंय. गुरुवारी अकराला मी स्वतः चव बघणार. आंबट तोंडाने माझे प्रेक्षक दुसऱ्या अंकाला बसायचे नाहीत. तसं असेल तर दार माझ्या बाजूने बंद."

धाकटीने फाइल घरी नेली. मंगळवारी दिवसभर बसून तिने तक्ता केला. पाच महिन्यांत आंबटपणाच्या तक्रारी चौदा. पाच महिन्यांपूर्वीचीच आणखी एक चिठ्ठी होती, पण ती कुठल्याच रकान्यात बसत नव्हती, तेव्हा ती तिने बाजूला ठेवली. चौदांपुढे वार लिहिले आणि पेन्सिल तिच्या हातातच राहिली. सगळे मंगळवार नाहीतर गुरुवार. एकही बुधवार नाही, शुक्रवार नाही, रविवार नाही.

बिअरला वार कळत नाहीत. माणसांना कळतात.

मंगळवारी आणि गुरुवारी वहिनी सकाळी नसायची. तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तिला आंघोळ घालून ती दुपारी यायची. म्हणजे त्या सकाळी पबात दादा आणि प्रॉम्प्टर एवढेच. दादा नाही, तर मग कोण? धाकटीला स्वतःचीच लाज वाटली, पण आकडे समोर होते.

बुधवारी साडेदहाला ती प्रॉम्प्टरसमोर उभी राहिली. तो नळाच्या तोट्या घासत होता.

"मंगळवारी-गुरुवारी तुम्ही काळ्या बिअरच्या पिंपाचं काय करता?"

"जे बुधवारी करतो ते." त्याने मान वर केली. "बाई, चोर शोधताय का? मग शोधा. पण आज अकराला माझ्याकडे बघू नका. कान उघडे ठेवा."

"म्हणजे?"

त्याने वाक्य पुरं केलं नाही. हे त्याच्या बाबतीत नवलच होतं.

अकराला दादाने काळ्या बिअरचा अर्धा ग्लास काढला. नाकाशी नेला. डोळे मिटले. छाती फुगली. तो थांबला, आणि जरा जास्तच थांबला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला. पातेल्याच्या काठावर पळी एकदा आपटली. टक.

"झकास," दादा म्हणाला.

दुसरा नळ. ग्लास, नाक, डोळे, छाती. टक.

"झकास."

धाकटी खिडकीशी गेली. वहिनीसमोर ओट्यावर दोन छोट्या वाट्या होत्या आणि दोन्हींच्या तळाशी फेस होता. नळ धुण्याच्या निमित्ताने तिने आधीच काढून घेतलेली बिअर. वहिनीने तिच्याकडे पाहिलं आणि वाट्यांवर फडकं टाकलं.

प्रयोगशाळेत शिकलेली एक गोष्ट धाकटीच्या हाडीमाशी खिळली होती. संशय आला की बोलायचं नाही, आधी पडताळायचं. तिने खिडकीतल्या फळीवरची शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली घेतली, ग्लासात दोन बोटं शिरका ओतला आणि ग्लास दादापुढे ठेवला. शिरका पांढरा, पाण्यासारखा. तिला स्वतःला त्याचा उग्र वास हातभर लांबून येत होता.

"दादा, नवी गाळणी लावलीय. पाण्याला वास येतोय का बघ बरं."

दादाने ग्लास उचलला. नेहमीसारखे डोळे मिटले. लांब श्वास घेतला. खिडकीकडे कान गेला, पण खिडकी गप्प होती.

"छे," तो म्हणाला. "स्वच्छ पाणी आहे."

चार पावलांवर उभ्या प्रॉम्प्टरने नाकाला हात लावला. वहिनी आतून धावत आली आणि दादाच्या ओठांपाशी गेलेला ग्लास तिने हिसकावून घेतला.

"वन्सं! अशी परीक्षा घेतात माणसाची?"

धाकटीने स्टूल ओढलं आणि ती बसली. हा तिचा भाऊ. लहानपणी तिच्या वहीचा वास घेऊन गृहपाठ कुठल्या खोलीत बसून केला ते सांगायचा. त्याला शिरका कळला नव्हता.

"कधीपासून?"

"यांना तो ताप आला होता ना," वहिनी म्हणाली. "त्यात वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर नाही येणार. गेल्या महिन्यात दूध जळून पातेलं काळं ठिक्कर पडलं. हे शेजारी बसून पेपर वाचत होते. मी घरी येऊन खिडक्या उघडल्या, तेव्हा म्हणतात, थंडी वाजतेय."

"पाच महिने! आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही लगेच मोजमाप काढलं असतं," वहिनी म्हणाली. "आत्ता काढलंत तसं."

ते लागलं. धाकटी दादाकडे वळली. तो ओल्या फडक्याने कोरडा काउंटर पुसत होता.

"ओततो प्रॉम्प्टर," तो खाली बघून म्हणाला. "रांधते ही. तक्ते तू करतेस. मी या पबात फक्त हुंगतो. तेही गेलं म्हटल्यावर मी कोण? आणि सांगितलं नाही असं नाही. सांगितलं होतं."

"कधी?"

"पेटीत टाकलं होतं."

"काय टाकलं होतंस?"

"चिठ्ठी. तूच वाचलीस."

धाकटीने पिशवीतून फाइल काढली. बाजूला ठेवलेली पंधरावी चिठ्ठी शेवटच्या खिशात होती. मोठी, सुटी अक्षरं, मुद्दाम वाकडी काढलेली. 'इथल्या कशालाच वास येत नाही.' खाली तिच्याच हातची बारीक पेन्सिल, 'सर्दी? वगळावी.'

तो सोमवार तिला लख्ख आठवला. ती चिठ्ठी तिने नाक चिमटीत धरून, गेंगाण्या आवाजात वाचली होती. प्रॉम्प्टर म्हणाला होता, "याला आधी रुमाल द्या." वहिनी तेव्हा आत होती. सगळ्यात मोठ्याने हसला होता दादा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी हसण्याचं आहे हे तिने धरून चाललं होतं. तपासलं नव्हतं.

आणि तेवढंच नव्हतं. गेल्या गुरुवारी तिने स्वतः काळ्या बिअरचा ग्लास विसळला होता आणि तिला आंबूस भपकारा आला होता. स्पष्ट. पण दादा सकाळी "झकास" म्हणाला होता, म्हणून तिने आपल्याच नाकाला खोटं ठरवलं होतं. तीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या नळांचं पाणी कुणाच्या शब्दावर पास केलं नव्हतं.

"मी पण ऐकत होतो ती टकटक," प्रॉम्प्टर हळूच म्हणाला. "दोन महिने झाले. दुसऱ्याच्या पुरवण्यात नाक—" तो थांबला. "तोंड घालू नये, हा आमच्या धंद्याचा नियम आहे."



गुरुवारी वहिनी पदर खोचून आली. "आज मी आईकडे जात नाही. शेजारणीला सांगितलंय. व्यवस्थापक येऊ देत, मी टक करते."

"नको," दादा म्हणाला. "तू जा. म्हातारी वाट बघत असेल."

"अहो, दार जाईल!"

"जा म्हटलं ना."

ती गेली. अकराला व्यवस्थापक आले, छत्री कोपऱ्यात ठेवली, काउंटरशी टेकले. दादाने काळ्या बिअरचा नळ उघडला. अर्धा ग्लास भरला. नाकाशी नेला. डोळे मिटले नाहीत.

"साहेब," तो म्हणाला, "मला वास येत नाही. पाच महिने झाले." आणि ग्लास धाकटीपुढे धरला. "छोटे, तू सांग."

व्यवस्थापकांचं तोंड उघडं राहिलं. त्या उंदराची गोष्ट गावभर सांगणाऱ्यांत ते पहिले. धाकटीने ग्लास घेतला. पहिल्या श्वासाला तिला कळलं, तरी तिने दुसरा घेतला. ओठांवर 'झकास' आलं होतं. झकास म्हटलं तर आजचा दिवस निभेल, हेही दिसत होतं.

"आंबलीय," ती म्हणाली.

दादाने ग्लास मोरीत उलटा केला. मग प्रॉम्प्टरने पिंपाची नळी सोडवली, आणि तिच्या वाकलेल्या जागेत बसलेला मळ धाकटीने उजेडात धरून सगळ्यांना दाखवला. नळी अशी पाच महिने कधी राहिलीच नसती, कारण पूर्वी दादाला पहिल्याच दिवशी वास आला असता. वहिनी असली की आंबलेला घोट तिच्या वाटीत कळायचा, पळी वाजायची नाही आणि दादा रात्रभर नळीत राहिलेली तेवढी बिअर ओतून द्यायचा. मुळाशी कुणीच गेलं नव्हतं. नवी नळी, नवं पिंप. धाकटीने पुन्हा हुंगलं, आणि यावेळी तो ग्लास व्यवस्थापकांच्या हातात दिला. "तुम्हीही बघा. माझ्या शब्दावर जाऊ नका."

त्यांनी बघितलं. मग एक घोट घेतला.

"उद्या दार उघडं राहील," ते म्हणाले. "पण रोज अकराला माझा एक माणूस येईल हुंगायला." मग छत्री घेऊन दारापर्यंत गेले आणि परत वळले. "दादा, मी गेल्या महिन्यात इथे बसून तीन ग्लास प्यायलो. आंबट लागले. म्हटलं, आपलंच तोंड खराब झालं असेल."

सोमवारी पेटी पुन्हा उलटी झाली. सात चिठ्ठ्या. संडासाच्या कडीची एक, नव्या नाटकातल्या नायकाच्या विगची एक, ती बहुधा चुकून इकडे पडलेली. आंबटाची एकही नाही. वाचून झाल्यावर दादाने हात पुढे केला.

"ती पंधरावी दे."

धाकटीने फाइलमधून काढली. पेन्सिलीचे दोन शब्द तिने खोडले होते, पण कागदावर त्यांची खूण राहिली होती. दादाने चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि तिलाच परत दिली.

"वाच. त्या आवाजात नको."

ती उभी राहिली. का ते तिलाही कळलं नाही, पण बसून वाचवेना.

"'इथल्या कशालाच,'" ती म्हणाली, आणि थांबली.

तिने प्रॉम्प्टरकडे पाहिलं. पुढचे तीन शब्द त्याला पाठ होते. तो मान खाली घालून उभा राहिला, तोंड घट्ट मिटून, आणि तिने स्वतःच वाक्य पुरं करेपर्यंत थांबला.