देवी गुरुवारी आली

मंगळवार, सकाळचे नऊ. कर्जतच्या बाजारामागे जाखमातेच्या देवळीखालच्या दगडातून कढत पाणी बाहेर पडले. वाफ वर चढली, घंटा वाजली आणि जमलेली गर्दी एकदम पुढे सरकली. साल १८९३, महिना वैशाख. उल्हास नदी आटत आलेली आणि इथे दगडाला पाझर.

पाणी येणार हे तप्तनाथबाबांनी आदल्या दिवशीच सांगितले होते. ते सोमवारी सांगत, मंगळवारी पाणी येई. होळीपासून एकदाही चुकले नव्हते. कशेळ्याहून बैलगाड्या येत, कुंभिवलीहून लोक पहाटे चालत निघत. या मुलखात गरम झऱ्याची थोरवी कोणाला पटवून द्यावी लागत नाही. वज्रेश्वरीला नाहीतर उन्हेऱ्याला न्हाऊन आलेले माणूस घरटी एक तरी सापडते. बाबांनी हेच हेरले होते.

"तिकडं वज्राई, इकडं जाखाई. सख्ख्या भैनी," ते सांगत. "थोरलीनं चूल पेटवली की धाकलीचं पानी तापतं. खरूज असंल तर लावा, पोट दुखत असंल तर प्या. आन् काय होत नसंल तरी घेऊन जा, होनार हाय."

बाबा दक्षिणेचा आग्रह धरत नसत. त्यांचे मागणे वेगळे होते. बाजारातले गटार बुजवा, ते म्हणत. देवीच्या जागेजवळून घाण वाहते, देवी विटाळली तर निघून जाईल.

हे विटांचे गटार गावच्या गटार कमिटीने काही वर्षांपूर्वी बांधले होते. घाट चढणाऱ्या रेल्वे एंजिनांच्या शेडपासून ते निघे, बाजारातून, धान्याचे व्यापारी आबाजी यांच्या वखारीमागून, मुलींच्या शाळेच्या भिंतीलगत खालच्या आळीत उतरे आणि पलीकडच्या ओढ्याला मिळे. बांधताना नाके मुरडणाऱ्यांनीही पुढे कबूल केले, की त्यामुळे आळीतली दर उन्हाळ्याची हगवण थांबली. यंदा ती परत आली होती. बाबांकडे कारण तयार होते: देवीचा कोप.

गटार बुजवण्याचा ठराव कमिटीपुढे मांडला तो आबाजींनी. ते कमिटीचे सभासद. पुढल्या आठवड्यातल्या शुक्रवारी बैठक होती. गटार बुजले की वखारीमागची पट्टी मोकळी होणार आणि तिथे दुकानांची ओळ उभी राहणार, हे आबाजी कधी बोलले नव्हते. बाजार बोलत होता.

खालच्या आळीतल्या सोनाबाईची थोरली मुलगी चैत्रात हगवणीने गेली होती. आता धाकटी, मैना, अंथरुणावर होती. मैना शाळेत दिसेना म्हणून शिक्षिका आनंदीबाई त्याच मंगळवारी तिच्या घरी गेल्या. सोनाबाई लेकीच्या तोंडाला तीर्थाचा तांब्या लावत होती.

आनंदीबाईंनी तांब्या हातात घेतला. वर तेलाचा तवंग, तळाशी गाळ, वास तापल्या लोखंडाचा. हे पाजू नका, त्या म्हणाल्या.

"बाई, तुमी शिकलेल्या," सोनाबाई म्हणाली. "पर एक पोर घालवलीया मी. ह्ये बी नगं म्हनता, मंग काय देऊ ते सांगा."

"पेज द्या, मीठ घालून. आणि पाणी उकळून."

"उकळल्यालंच हाय की. देवीनं उकळलंय."

परतताना आनंदीबाई शाळेच्या भिंतीशी थांबल्या. पूर्वी मंगळवारी या गटारातून वाफ येई. थंडीत मुली तिथे हात शेकत. होळीपासून ती वाफ दिसली नव्हती. गटारात आता काळी ओल होती आणि तिच्यावर माश्या.

त्यांनी शेडमधल्या फिटर झहीरला विचारले. त्याची मुलगी शकिला त्यांच्याच वर्गात होती. झहीर म्हणाला की दर मंगळवारी एका एंजिनाचे पोट, म्हणजे बॉयलर, धुतात आणि कढत पाण्याचा सगळा लोंढा गटारात सोडतात. आजही सोडला. पुढच्या मंगळवारी मात्र लष्कराची खास गाडी घाटावर चढवायची असल्याने एंजिन मोकळे नाही. धुणे गुरुवारी होईल.

आनंदीबाईंनी हे कोणाला सांगितले नाही. कमिटीत कोण कोणाचा, याची त्यांना खात्री नव्हती.

पुढच्या मंगळवारी गर्दी दुप्पट होती. दहा वाजून गेले तरी दगड कोरडाच. बाबांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि बोट सोनाबाईवर रोखले. हिच्या अंगावर मेलेल्या लेकीचा दोष आहे, हिला पाहून आई मागे फिरली, असे त्यांनी जाहीर केले. गर्दीतल्या दोघींनी सोनाबाईला दंडाला धरून बाहेर काढले. ती रडली नाही. आनंदीबाई तिच्याबरोबर आळीपर्यंत चालत गेल्या.

"गुरुवारी सकाळी देवळीकडे या," त्या म्हणाल्या.

"मला उभी करनार नायत."

"गुरुवारी तिथे अडवायला कोणी नसेल."

गुरुवारी खरेच कोणी नव्हते. कमिटीचे अध्यक्ष, एक पेन्शनर मामलेदार, आनंदीबाईंच्या शब्दाखातर कुरकुरत आले होते. बाबा पाटावर बसले होते, गळ्याभोवती पंचा. धाकलू न्हाव्याने एक गाल साफ केला होता, दुसऱ्यावर दाढी तशीच. इतक्यात दगडाच्या पोटात गुरगुरले आणि कढत पाणी भसकन बाहेर आले.

"बाबा, देवी आली," धाकलू म्हणाला. "हलू नका, वस्तरा लागंल."

बाबा उठलेच. वाफ पाहून बाजारातले लोक धावत आले. आईला दया आली, ती मनाला येईल तेव्हा येते, बाबा अर्ध्या दाढीनिशी सांगू लागले.

"तुम्हाला कळवायला विसरली वाटतं," आनंदीबाई म्हणाल्या. "मला ती आज येणार हे गेल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. झहीरभाईंनी सांगितलं."

"झहीरच्या अंगात कवापास्नं येतंया रं?" गर्दीतून कोणीतरी विचारले. लोक हसले, आणि बाबांचे पुढचे वाक्य त्या हसण्यात गेले.

मग आनंदीबाई सर्वांना घेऊन गटाराच्या काठाने वर गेल्या. आबाजींच्या वखारीमागे गटारावर पेंढा रचला होता. अध्यक्षांनी काठीने तो बाजूला केला. खाली गटारात एक फरशी उभी बसवलेली होती, तळाशी बोटभर फट ठेवून. रोजचे सांडपाणी त्या फटीतून झिरपत आळीकडे जाई. एंजिनाचा लोंढा आला की तो फरशीला अडून वर चढे, आणि वरच्या अंगाला दोन विटा काढून केलेल्या भोकात शिरे. भोकाला खापरी नळ जोडलेले होते. ते मातीखालून थेट देवळीपर्यंत गेले होते. म्हणजे गटार धुणारे पाणी देवीकडे आणि न धुतलेली घाण आळीकडे. ती आळीत कुजत होती, सगळी आळी जिचे पाणी पिते त्या विहिरीच्या कडेला. आणि तीर्थात एंजिनाच्या पोटातला गाळ होता, शिवाय वाटेत ढवळलेली सगळ्या बाजाराची घाण.

सोनाबाई वाकून त्या भोकात पाहत होती.

"माजी पोर ह्ये पीत हुती?"

अध्यक्षांनी काठी खाली टेकली.

जाखमाता आहे की नाही, हा वाद ज्याने त्याने आपल्या घरी घालावा. पाणी मात्र कुठून तरी येते आणि कुठे तरी जाते. ते पोराच्या तोंडाला लावण्याआधी उगमापर्यंत चालत जावे. इथे उगम एका बाजाराइतकाच लांब होता आणि वाट सर्वांच्या पायाखालची होती. शिवाय हात जोडण्याआधी एवढे विचारावे, की हा चमत्कार टिकला तर फायदा कोणाचा.

बाबा त्याच दुपारी ठाकुरवाडीच्या बाजूला जाताना दिसले. पेंढा आपल्या गड्याने रचला, आपल्याला काही माहीत नाही, असे आबाजी म्हणतात. गड्याला गावी जाऊन आठवडा झाला. शुक्रवारी कमिटीची बैठक झाली. फरशी काढून भोक बुजवायचे ठरले आणि ते काम झालेही. गटार बुजवण्याचा ठराव मागे घेतलेला नाही. पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब आहे. नळ कोणी घातले याची चौकशी एका सभासदाकडे सोपवली आहे. त्या सभासदाचे नाव आबाजी.

रविवारी सकाळी मैनाने आपणहून पेज मागितली. अंगात ताप अजून आहे.