रघूची दाद

कौसाबाईला राग आला की ती आधी पदर खोचायची, मग तोंड उघडायची. समोरच्याला पळायला तेवढाच टाइम मिळायचा. त्या रविवारी मात्र पदरबिदर काही नाही. दिनानाथसाहेबांच्या हॉलमध्ये सगळे सतरंजीवर डोळे मिटून गाणं ऐकत बसलेले, ही मधेच उठली, टेपपाशी गेली आणि खटकन बटण दाबून गाणं बंद केलं. त्या घरात चालू गाणं बंद करणं म्हणजे जेवत्या माणसापुढचं ताट ओढण्यासारखं.

"माझा माणूस कुठाय ह्याच्यात?" ती म्हणाली.

कोणाला काही कळेना. कळणार कसं? बाकीचे टेपमधल्या बुवांचं गाणं ऐकत होते. ही वेगळंच ऐकायला बसली होती.

त्याचं असं झालं. साहेबांचा ब्लॉक अंबरनाथला, शिवमंदिराकडं जाताना डाव्या हाताला. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, रिटायर झाले, खुर्ची गेली आणि गाण्याचं वेड तेवढं राहिलं. दर रविवारी सकाळी त्यांच्याकडं गाण्यातली चार डोकी जमायची. रिवाज असा, की एकेका रविवारी एकेकाची पाळी. पाळी असेल त्यानं हल्ली आपण काय ऐकतोय ते सांगायचं आणि कॅसेट लावायची. ती पुरी वाजेपर्यंत कोणी ब्र काढायचा नाही. वाहवा नाही, मान हलवायची तर आवाज न करता हलवा. पद्मजावहिनी, म्हणजे साहेबांची मिसेस, चहाच्या कपबशासुद्धा गाणं संपल्याशिवाय हलवायच्या नाहीत. साहेबांचं म्हणणं, समोर गवई असेल तर दाद द्या, टेपला दाद देऊन काय त्या मशीनला उचकी लागणार आहे?

कौसाबाईचा नवरा रघू त्याच कंपनीत फिटर होता. त्याचं तोंड म्हणजे बिनझाकणाचा डबा. घरात बाबासाहेबांचा फोटो, देवाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, पण मांडवात गाणं असलं की हा पहिल्या रांगेत. आणि दाद द्यायची ती कशी, तर कबड्डीच्या मैदानावर देतात तशी. बुवा वर चढले की "चढला, चढला", तान घेऊन वळले की "घे अंगावर", आणि फेरा पुरा करून समेवर आले की मांडीवर थाप मारून "आला!" सम म्हणजे तबल्याचा फेरा संपून गाणारा जिथं घरी येतो ती जागा. रघूला ती येण्याआधी वास लागायचा. बायकोला कोपरानं ढोसून सांगायचा, "कौसे, येतोय बघ घरी." कौसाबाईला गाणं समजायला लागलं ते असं, कोपराचे ढोसे खाऊन.

गाण्यापायी दोघं साहेबांच्या रविवारलाही जायची, पण त्या हॉलमध्ये हे चालायचं नाही. साहेब ओठांवर बोट ठेवायचे. रघू "सॉरी साहेब" म्हणायचा आणि पुढच्या समेला परत "आला!" एकदा तर साहेबांनी त्याला हसत हसतच, पण सांगितलंच की रघू, तू जरा गॅलरीत बसून ऐक. रघू गेला बिचारा गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसून माना डोलवत राहिला. वर मित्रांना सांगायचा, आपली सीट बाल्कनीची. कौसाबाईनं मात्र ते पोटात ठेवलं.

मग शिवरात्रीच्या जत्रेला एक बुवा आले. नाव मोठं नव्हतं, गळा मोठा होता. रघूनं आपला टू-इन-वन, रेडिओ-टेपचा, उचलून नेला, कौसाबाईच्या मांडीवर ठेवला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. बुवा पूरिया गायले. आता मशीन कौसाबाईच्या मांडीवर आणि रघू तिच्या खांद्याला खांदा लावून, म्हटल्यावर कॅसेटमध्ये बुवा लांब आणि रघू जवळ. निम्मं गाणं बुवांचं, निम्मं रघूचं.

त्याच पावसाळ्यात रघूला कावीळ झाली, पोटात उतरली आणि तो गेला.

कौसाबाई उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात शिलाईला होती. सकाळी स्टोव्ह पेटवायची, भाजी टाकायची आणि कॅसेट लावायची. शेजारची गोजरबाई भिंतीपलीकडून विचारायची, रघूदादा काय म्हणतायत आज? ही म्हणायची, काय म्हणणार, तेच, चढला चढला. आणि मग डबा बांधून कामावर.

रोज वाजवून वाजवून कॅसेटची पट्टी एक दिवस मशीनमध्ये गुंतली. तिनं पेन्सिल घालून पाहिली, जमेना. तेव्हा ती साहेबांकडं घेऊन गेली, कारण कॅसेट उघडून पट्टी जोडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ब्लेड, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, चिकटपट्टी, सगळा दवाखाना होता त्यांच्याकडं. साहेब म्हणाले, ठेवून जा, पुढच्या रविवारी तुमचीच पाळी लावू. तिला बरं वाटलं. रघू गेल्यापासून तिची पहिली पाळी.

तो हा रविवार. सगळे जमले. साहेबांनी विचारलं, कौसाबाई, हल्ली काय ऐकताय? ती म्हणाली, पूरिया, रोज सकाळी. बदलापूरहून येणारा गुरुदत्त, तो शाळेत मास्तर, हसला. सकाळी संध्याकाळचा राग? म्हणाला, बाई, तुमचं घड्याळ उलटं चालतं. साहेबांनी कॅसेट काढली. नवीन खोका, नवीन लेबल, मोत्यासारख्या अक्षरात रागाचं नाव. चेहऱ्यावर असं, की पोराचं बारसं आहे.

कॅसेट सुरू झाली. आलाप झाला, रघू नाही. तिला वाटलं, येईल. तबला सुरू झाला. बुवा चढले. "चढला" नाही. बुवा वळले. "घे अंगावर" नाही. तिला ती कॅसेट पाठ होती, कुठं काय येणार ते स्टोव्हच्या आवाजातसुद्धा कळायचं. "कौसे" यायची पहिली जागा आली आणि नुसती निघून गेली. तेव्हा ती उठली.

साहेबांना अजून वाटत होतं की काहीतरी गैरसमज झालाय. त्यांनी तिला समजावून सांगायला घेतलं. म्हणाले, नुसती जोडून दिली नाही, साफ करून दिली, चार दिवस बसलो होतो. आलापातला आवाज जिथल्या तिथं उडवला. तबला सुरू झाल्यावर मधेच कापलं तर ताल मोडतो, म्हणून समेपासून समेपर्यंत अख्खे फेरेच काढले, जोड कोणाला कळायचा नाही. एवढी मोलाची मैफल, तिच्यात तो गोंगाट—

"गोंगाट," कौसाबाई म्हणाली.

साहेब थांबले. पण शब्द बाहेर पडून गेला होता.

मग तिचं तोंड सुटलं. ती ओरडली नाही, आणि तेच जास्त लागत होतं. शिलाई मशीनसारखं एका लयीत चाललं होतं. म्हणाली, त्याचा फोटो एकच आहे माझ्याकडं, कंपनीच्या पासवरचा, त्यात तो ओळखू येत नाही. आवाज तेवढा होता. तुम्हाला कोणी सांगितलं साफ करायला? माझ्या घरात घाण पडली होती काय? नवऱ्याचा आवाज पुसायला मी तुमच्याकडं आले होते?

पद्मजावहिनी म्हणाल्या, कौसाबाई, ह्यांच्या मनात वाईट नव्हतं हो. त्यावर ती म्हणाली, वहिनी, तुम्ही चहा बघा.

गुरुदत्तनं हळूच विचारलं, कापलेले तुकडे असतील ना? जोडता येतील परत. सगळ्यांनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी मान खाली घातली. कचऱ्यात टाकले होते. गाडी येऊन गेली होती.

"जिता होता तेव्हा गॅलरीत बसवलात," कौसाबाई म्हणाली. "आता कॅसेटमधूनपण उठवलात. बुवांचे फेरेच्या फेरे कापलेत साहेब, त्याला गप करायला. गाणं कापायला हात धजला तुमचा, पण माझा माणूस सहन झाला नाही."

साहेब गाण्यातले होते, म्हणूनच त्यांना ते नेमकं लागलं. एवढा मोठा माणूस, सतरंजीचे दोरे उपटत बसला. मग म्हणाले, एक जागा राहिलीय. बुवा समेवर येतात तिथं. पुढचा-मागचा फेरा काढला, पण समेचा ठोका आणि रघू एकावर एक बसलेले, ब्लेड घालायला जागाच नव्हती. तीनदा प्रयत्न केला, म्हणाले, आणि हे बोलून त्यांची त्यांनाच लाज वाटली असावी.

कौसाबाईनं कॅसेट काढून पिशवीत टाकायला हात घातला होता. तो तिथंच थांबला. तिला घरी जायचं होतं, दार आपटून जायचं होतं, ह्या लोकांचं परत तोंड बघायचं नव्हतं. पण मग ते एकटीनंच ऐकायचं, भिंतीआड, आणि हे सगळे इथं डोळे मिटून साफसूफ गाणी ऐकत बसणार. म्हणजे रघू परत गॅलरीतच.

तिनं पदर खोचला.

"लावा," ती म्हणाली. "आणि माझी पाळी आहे. पुरं वाजेपर्यंत कोणी उठायचं नाही."

गुरुदत्तनं लावलं. ती खाली बसली नाही, टेपच्या शेजारी उभी राहिली. गाणं पुढं सरकलं. बुवांनी धागा उचलला, फिरवला, तबला फेऱ्याच्या टोकाकडं निघाला. इथं रघू कोपरानं ढोसायचा. इथं काहीच नव्हतं, तिथला फेरा कचऱ्याच्या गाडीतनं गेला होता.

"कौसे, येतोय बघ घरी," कौसाबाई मोठ्यानं म्हणाली. हॉल दणाणला. साहेबांचं बोट सवयीनं ओठांकडं निघालं. तिनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. बोट अर्ध्यावर थांबलं आणि खाली मांडीवर गेलं.

"आला!" रघू म्हणाला.

मांडीवरची थापसुद्धा होती.

बुवा पुढं गात राहिले. कौसाबाईचा राग तसाच होता, पुढंही राहिला. साहेबांशी ती परत कधी धड बोलली नाही. पण पुढच्या पाळीला तिनं हीच कॅसेट आणली, आणि त्याच्या पुढच्यालाही. साहेबांनी प्रत्येक वेळी विचारायचं, हल्ली काय ऐकताय? तिनं म्हणायचं, रघू. आणि साहेबांनी उठून आपल्या हातानं लावायची.